चिखलदऱ्यावर फुलं लावून अँडीज होत नाही

पाऊस ओसरला की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश: "उष्ण प्रदेशातल्या डोंगरांत फुलपाखरांच्या हजारो जाती आहेत, कारण तिथं ऊब आणि फुलं भरपूर. जितकं उंच, तितक्या जाती जास्त. आपल्या चिखलदऱ्यावर फुलझाडं लावा, इथंही तेच होईल." जाती हजारो आहेत, हे खरं. दक्षिण अमेरिकेतली अँडीज पर्वतरांग जिथून जाते त्या एकट्या कोलंबियात साडेतीन हजारांहून जास्त. तिच्या जवळपास तिप्पट मोठ्या भारतात तेराशे-चौदाशे. कारणं मात्र सगळी चुकली आहेत.

"ऊब भरपूर." उन्हानं जाती वाढत असत्या तर चंद्रपूरला जगात तोड नसती. खरी गोष्ट आहे वर्षभर न हलणाऱ्या तापमानाची. विषुववृत्ताजवळ अँडीजमध्ये 2,850 मीटरवर इक्वाडोरची राजधानी कितो आहे. तिथं जानेवारी आणि जुलैच्या सरासरीत जेमतेम अंशभराचा फरक. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. पायथ्याला 26 अंश असतील तर अडीच हजार मीटरवर 10च्या आसपास, तेही बाराही महिने. पायथ्याच्या फुलपाखराला ही थंडी कधीच भेटलेली नसते, म्हणून खिंड ओलांडणं त्याला जड जातं. दोन दऱ्यांतले गट वेगळे पडतात आणि लाखो वर्षांत वेगळ्या जाती होतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी 1967 साली हा विचार मांडला.

आता परतवाड्याहून चिखलदरा चढा. चढण सातशे-साडेसातशे मीटर, म्हणजे फरक पाचेक अंशांचा. पण खालची फुलपाखरं जानेवारीतली कडक पहाट आणि मे महिन्यातली चाळिशीपार दुपार, दोन्ही काढून टिकलेल्या जातींची आहेत. वरची हवा त्यांना नवी नाही. गाविलगडाची रांग त्यांना अडवत नाही.

"जितकं उंच, तितक्या जाती जास्त." उलट, झाडोरा संपला की जाती झपाट्यानं घटतात. अँडीजमध्ये एकूण आकडा फुगतो तो पट्टे बदलत जातात म्हणून: काहीशे मीटर चढलं की खालच्या काही जाती संपतात, नव्या लागतात. त्यात गेल्या 26 लाख वर्षांत हिमयुगं आली-गेली. थंडीत जंगलाचे पट्टे खाली सरकून जोडले गेले, ऊब परतल्यावर वर चढून तुटले. अकराशे मीटरच्या चिखलदऱ्यात असे थर मांडायला जागाच नाही.

"फुलझाडं लावा." फुलावर येतं ते पोट भरायला आलेलं पाखरू. जात टिकते अळीच्या पानावर, आणि अळी पानाच्या बाबतीत फार हट्टी. संत्र्याच्या रोपवाटिकेत कोवळी पालवी उलटून पाहा. लिंबाच्या फुलपाखराची मादी पुढच्या पायांनी पान चाचपते आणि एकेक पिवळसर अंडं सुटं ठेवते. अळी आधी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून शिंगांची जोडी काढून उग्र वास सोडते. तिला संत्रा, लिंबू, कढीपत्ता, बेल चालतो, झेंडू नाही. रुईवर वाढणाऱ्या अळीला संत्रा चालत नाही. रायमुनियावर (घाणेरीवर) पाखरांची झुंबड असते, पण इथल्या अळ्या तिच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे रायमुनिया माजून खालची देशी झुडपं गेली, तर गर्दी दिसेल आणि जाती घटतील. लावायचंच असेल तर कढीपत्ता नि बेल लावा, धुऱ्यावरची रुई आणि टरोटा थोडा राहू द्या. त्यानं गावात आहेत त्या जाती टिकतील. अँडीजचा आकडा येणार नाही.

या मजकुरासोबत फिरणाऱ्या फोटोंतही एक घोळ असतो. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन हे फुलपाखरू पावसाळ्यात पंखाखाली ठळक डोळे घेऊन येतं, कोरड्या दिवसांत वाळक्या पानासारखं दिसतं. पॅन्झी फुलपाखरांचंही तसंच. ही ऋतूंची रूपं, दोन जाती नव्हेत. दोनदा मोजली की यादी फुगते. उंचीनुसार जाती खरंच वाढतात का हे पडताळायचं तर पायथा, मधला घाट आणि माथा अशा तीन ठिकाणी सारख्याच लांबीची वाट धरा, वारा नसलेल्या उन्हात सकाळी नऊ ते अकरा हळू चाला आणि दोन्ही बाजूंच्या अडीच मीटरांतलीच पाखरं लिहा. हे बाराही महिने करा. नुसत्या ऑक्टोबरच्या यादीवरून डोंगराबद्दल काही ठरवता येत नाही.