दीड इंचावर लागलेलं पाणी

हत्यार म्हणावं अशी आमच्या घरात आजवर एकच वस्तू होती, ती म्हणजे विळी. तीही सासूबाईंनी अमेरिकेला येताना बॅगेत घालून आणलेली. त्यामुळे मेहुणा जेव्हा म्हणाला, “भाऊजी, आरव्ही घेऊन मेनला जायचंच आहे तर माझी रायफलही घेऊ,” तेव्हा मी आधी हसलो. आरव्ही म्हणजे आमचं चाकांवरचं घर, त्यात बंदूक कशाला? मग पेन्सिल्व्हेनिया ते मेन हा रस्ता नकाशावर पाहिला आणि हसू विरलं. वाटेत न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर. राज्य बदललं की बंदुकीचे नियमही बदलतात.

मेहुण्याविषयी गैरसमज नको. त्याने कागदी लक्ष्याखेरीज आयुष्यात काहीही मारलेलं नाही. झुरळ दिसलं तर तो खुर्चीवर चढतो आणि ताईला हाक मारतो. पण नेमबाजीचा नाद भारी, आणि पॉइंट टू-टू या बारक्या गोळीच्या रायफलवर जीव त्याहून भारी.

1986 चा एक केंद्रीय कायदा अशा प्रवाशांच्या मदतीला येतो. निघतो तिथे आणि पोचतो तिथे रायफल बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ती नेता येते. फक्त ती रिकामी हवी, आणि ती काय किंवा गोळ्या काय, बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नयेत. साध्या गाडीत प्रश्न नाही, डिकीत टाकली की झालं. आरव्हीला डिकीच नाही! चालकाची खुर्ची, शेगडी, पलंग आणि संडास, सगळा संसार एकाच खोलीत. अशा गाडीत कुलूपबंद पेटी लागते, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा पेटी म्हणून चालत नाही, हेही कायद्याने लिहून ठेवलंय. कायदा लिहिणाऱ्याला माझ्यासारखे महाभाग ठाऊक असणार.

“बाहेरून उघडणारे कप्पे आहेत की आपल्याला,” मी म्हणालो. “त्यांना कुलूपही आहे.”

हे मी म्हणालो त्याच संध्याकाळी, सरावासाठी थांबलो होतो त्या कॅम्पग्राउंडवर, त्या कुलपाची किल्ली माझ्याकडून हरवली. मी कप्प्याशी खुडबुड करत असताना शेजारच्या आरव्हीतल्या आजीबाई आल्या. काही न विचारता त्यांनी गळ्यातल्या जुडग्यातली एक किल्ली काढली, आमच्या कप्प्याला लावली आणि फिरवली. टक्! आजीबाई हसून म्हणाल्या, “सीएच सात-एक्कावन्न.” हा त्या किल्लीचा नंबर. कितीतरी आरव्ही बनवणारे वर्षानुवर्षं कप्प्यांना हेच कुलूप लावत आले. म्हणजे मी ज्या किल्लीला इतके दिवस जपत होतो, ती अर्ध्या कॅम्पग्राउंडच्या गळ्यात होती. त्या रात्री बायको पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपली.

मग तिजोरी आणली. तिचं वजन मी सांगणार नाही, कारण बायकोला अजून खरं माहीत नाही. दाराजवळच्या स्टिकरवर गाडीत किती सामान चालेल याचा आकडा असतो. तो वाचताना ऐसपैस वाटतो. पण पाणीच गॅलनमागे आठ पौंडांहून जास्त भरतं, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की तीनशे तीस पौंड तिथेच गेले. वर आम्ही चौघं, आणि वर सासूबाईंचे डबे.

तिजोरी नुसती ठेवून उपयोग नाही, चोर ती उचलूनच नेतो. म्हणून तिच्या तळाला चार भोकं असतात. त्यातून बोल्ट खाली घालायचे. आरव्हीची जमीन म्हणजे वर प्लायवूड, मध्ये फोम आणि खाली काय ते देव आणि कारखाना जाणे. मी ड्रिल घेऊन गुडघ्यावर बसलो. मेहुण्याने टॉर्च धरला. पहिलं भोक उत्तम पडलं. दुसऱ्याला ड्रिल अचानक आत धसलं आणि मी ते काढताच खालून डबडब आवाज आला.

“पाणी लागलं,” मेहुणा म्हणाला.

लोक दीडशे-दीडशे फूट बोअर मारतात आणि कोरडे परततात. मला दीड इंचावर लागलं. फक्त ते मागच्या सहलीतल्या भांड्यांचं सांडपाणी होतं. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, “जावईबापू, आमच्याकडे आधी पाणाड्या बोलावतात.”

शेवटी एका मेकॅनिकने टाकी बदलली आणि खालच्या चासीला लोखंडी पट्टी जोडून बोल्ट कसले. तिजोरी आता हलत नव्हती. मग लक्षात आलं की रायफल तिच्यात मावत नाही.

ती गेली कुलपाच्या लांब पेटीत, पेटी पलंगाखाली, आणि पेटीला स्टीलची केबल. गोळ्या तिजोरीत. बंद पेटीत दमट हवेने लोखंड गंजतं, म्हणून सिलिका जेल ठेवतात. आमच्या पेटीत सासूबाईंनी तांदळाची पुरचुंडीही सारली. “मिठाच्या बरणीत चालते ती इथे का नाही?” याला उत्तर नव्हतं.

कनेक्टिकटमध्ये मेहुण्याने वाचून दाखवलं की 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलंय, रस्त्यावर चालू शकणारं मोटरहोम झडतीच्या बाबतीत घर नाही, गाडी आहे. म्हणजे सबळ संशय असेल तर वॉरंटवाचून झडती होऊ शकते. ठोकळ्यांवर उभं असेल, नळ-वीज जोडलेली असेल, तर काय हा प्रश्न न्यायालयाने तेव्हा मोकळाच सोडला. “म्हणजे पाण्याची नळी लावली की आपण कदाचित घरात, काढली की नक्की गाडीत,” बायको म्हणाली. घराचा हप्ता आणि गाडीचा विमा दोन्ही भरणाऱ्या माणसाला हे ऐकवू नये.

मेनमध्ये अकेडिया नॅशनल पार्क. 2010 पासून नॅशनल पार्कात त्या त्या राज्याच्या नियमाप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण व्हिजिटर सेंटर ही सरकारी इमारत, तिथे नाही. म्हणून मेहुणा पार्किंगमध्ये पेटीवर बसून राहिला आणि आम्ही समुद्राचे फोटो त्याला नंतर दाखवले.

या सगळ्यात सासूबाईंच्या पाटल्या कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. तिजोरीवर त्यांचा विश्वास नव्हता. “चोर आधी तिथेच बघतो,” हे त्यांचं म्हणणं. त्यांनी डाळीच्या डब्यातून त्या पिठाच्या डब्यात, तिथून उशीच्या अभ्र्यात हलवल्या आणि परतीच्या वाटेवर विचारलं तर स्वेटरची बाही वर केली. हातातच होत्या.

मीही त्यांचं पाहून तीनशे डॉलर आडवेळेसाठी लपवले होते. कुणाच्या बापाला सापडणार नाहीत अशा जागी. घरी आल्यावर दोन रविवार मी कोचांची झाकणं, ड्रॉवरच्या मागची फळी, दिव्याची चकती, सगळं उचकटलं. बायकोला सांगितलं, देखभाल चाललीय.

आता आरव्ही विकायला काढलीय. परवा एक गिऱ्हाईक आलं. तो ज्या कप्प्याला हात लावी, त्यात त्याच्याआधी माझी मान. शेवटी कंटाळून त्याने विचारलं, “यात काही प्रॉब्लेम आहे का?”

“छे छे,” मी फ्रिजच्या खाली आडवा होत म्हणालो, “तुम्ही बघा ना निवांत.”