बाळंतपणानंतरची केसगळती राहूनच गेली

केसगळतीवरच्या तुमच्या लेखात पुरुषांचं टक्कल डीएचटीमुळे (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात बनणाऱ्या संप्रेरकामुळे) पडतं हे छान समजावलंय, पण बायकांच्या वाट्याला दोनच ओळी आल्यात, म्हणून लिहिते.

माझी मुलगी ३ महिन्यांची असताना केस धुतले की मोरीच्या जाळीवर गुंतवळाचा गोळा साठायचा. भांगाजवळ बोट फिरवलं तर नुसती त्वचा लागायची. अगदी रडकुंडीला आले होते. कारण साधं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढल्यामुळे केस जास्त काळ वाढीच्या अवस्थेत राहतात. प्रसूतीनंतर ते घसरतं आणि एरवी थोडे थोडे गेले असते ते केस २ ते ४ महिन्यांनी एकदम गळायला लागतात. मुळं शाबूत असतात. कपाळाशी जावळासारखे आखूड केस उभे राहिलेले दिसले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. नाही आले तर थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्याच.

आणखी एक. 'टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून टक्कल' हे लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. टक्कल पडणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या रक्तात ते इतरांइतकंच असतं. केसांची मुळं डीएचटीला किती संवेदनशील आहेत हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरतं. म्हणून तर डोक्यावरचे केस जातात आणि त्याच माणसाची दाढी दाट राहते.

आणि घरात कुणी फिनास्टेराइड (डीएचटी कमी करणारं टक्कलावरचं औषध) घेत असेल तर फुटलेली गोळी गरोदर बाईने हातातही घेऊ नये. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.