सिनेमा पाहिला, आता पुस्तक कशाला?

‘सिनेमे पाहिले असतील तर सुपरहिरोंच्या पुस्तकांवर पैसे घालवू नका’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेल्या पंधरवड्यात मला तिघांनी पाठवला. एकाने खाली ‘खास तुझ्यासाठी’ असंही लिहिलं. त्यात पाच मुद्दे आहेत. ही पुस्तकं म्हणजे जाड पुठ्ठ्यात बांधलेली कॉमिक्सच. ती सिनेमाचे स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधी काढलेले दृश्यांचे कच्चे आराखडे, असतात. ऐंशी वर्षांचे जुने अंक वाचल्याशिवाय ती कळत नाहीत. नायक मरणार नाही हे ठाऊक असल्याने जीव टांगणीला लागत नाही. आणि वाचायचीच तर काळोखी, रक्ताळलेली तेवढी वाचा, बाकीची पोरांना द्या.

पहिला मुद्दा मान्य करून टाकतो. अशा पुस्तकांना दिलेलं ‘ग्राफिक नॉव्हेल’ हे नाव बरंचसं दुकानदारीच्या सोयीचं आहे. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ 1986-87 मध्ये 12 सुटे अंक म्हणून आलं आणि नंतर एकत्र बांधलं गेलं. पण यात कमीपणा कसला? दिवाळी अंकातली कादंबरी पुढे पुस्तक होऊन आली की तिला कुणी ‘बांधलेला दिवाळी अंक’ म्हणत नाही.

स्टोरीबोर्डचा मुद्दा मात्र मुळातच चुकलेला आहे.

सिनेमात एखादं दृश्य किती वेळ दिसणार हे दिग्दर्शक ठरवतो. पुस्तकाचं पान उघडलं की सगळ्या चौकटी एकदम समोर येतात. आपण पहिलीपासून वाचायला लागतो, पण शेवटची डोळ्याच्या कोपऱ्यात आधीच येऊन बसलेली असते. ‘वॉचमेन’चा चौथा भाग याच गोष्टीवर उभा आहे. त्यातला अतिमानव डॉ. मॅनहॅटन मंगळावर एकटा आहे, हातात जुना फोटो. त्याला भूत, वर्तमान, भविष्य एकाच वेळी दिसतं. एका चौकटीत फोटो त्याच्या बोटांत आहे, दुसरीत वाळूत पडलेला आहे, आणि त्याच्या लेखी दोन्ही आत्ताच घडतंय. वाचता वाचता लक्षात येतं की त्या पानापुढे आपलीही गत तीच आहे. हवं तर बोट मागच्या चौकटीवर नेता येतं, तिथला क्षण तसाच थांबलेला असतो. 2009 च्या सिनेमात हा प्रसंग आहे, देखणाही आहे. पण खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला काळ एकाच दिशेने ढकलत नेतो, त्याला कोण काय करणार?

पाचव्या भागात तर गिबन्सने कहर केलाय. पहिल्या पानावरच्या चौकटींची मांडणी शेवटच्या पानाशी आरशासारखी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं करत करत आपण मधल्या समोरासमोरच्या दोन पानांवर येतो, जिथे एक हल्ला चाललाय. मला हे दुसऱ्या वाचनात कळलं. त्या रात्री मी अंक मधोमध धरून दोन्हीकडची पानं जुळवत बसलो होतो, कपड्यांच्या घड्या तपासाव्यात तसा. स्टोरीबोर्डला हे करायची गरजच नसते.

आता उलट टोकाचं उदाहरण. लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली यांचं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ (2005-08). सुपरमॅनची जन्मकथा सांगायला सिनेमे अर्धा-अर्धा तास घेतात; इथे पहिल्याच पानावर चार चित्रं आणि आठ इंग्रजी शब्द, की संपली. मरणपंथाला लागलेला ग्रह, हातघाईवर आलेले शास्त्रज्ञ, एक शेवटची आशा, एक प्रेमळ जोडपं. चौकटींमध्ये जी पांढरी पट्टी असते तिथलं सगळं वाचकाने भरायचं. आणि क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन! चष्मा लावला की ओळखू येत नाही, या जुन्या थट्टेला क्वाइटलीने चित्रातून उत्तर दिलंय. तेच अवाढव्य शरीर, पण खांदे पडलेले, पाठ वाकलेली, कपडे ढगळ. हा वेंधळा माणूस लोकांना धडकतो, अडखळतो. नीट पाहिलं तर त्याच्या अडखळण्यामुळेच कुणीतरी वाचलेलं असतं. लिहून काहीच सांगितलेलं नाही, ज्याने चित्र वाचलं त्याला ते मिळतं.

मी दुकानात उभ्या उभ्या एक कसोटी लावतो. मधलं कुठलंही पान उघडायचं आणि चित्रांकडे न बघता फक्त संवादांचे फुगे वाचायचे. गोष्ट पूर्ण कळली तर पुस्तक परत फडताळात. त्या मजकुराच्या लेखकाला ज्या पुस्तकांचा राग आलाय ती याच कसोटीवर पडतात, आणि अशी पुस्तकं ढिगाने आहेत हेही खरं. त्यातच ते महाप्रसंग, ज्यांची गोष्ट एका मालिकेत सुरू होते, तिसरीत वळते आणि सातवीत संपते. त्यांची वकिली मी करणार नाही.

ऐंशी वर्षांचे अंक? आख्यान ऐकायला बसलेला माणूस आधी वाल्मीकी वाचून येत नाही. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचं ‘बॅटमॅन: इयर वन’ 1987 मध्ये अवघ्या चार अंकांत संपलं, आणि त्यात बॅटमॅनपेक्षा जास्त गोष्ट गॉर्डन नावाच्या, नोकरीत आणि संसारात फसलेल्या पोलिसाची आहे. ‘वॉचमेन’मधली पात्रं तर त्या पुस्तकाआधी कुठल्याच अंकात नव्हती. पुढे जाऊ.

नायक मरत नाही, हे खरंच आहे. दशावतारात हिरण्यकश्यपूचं शेवटी काय होणार हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. ताण निकालातच असतो असं कुणी सांगितलं? 1973 चा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा 121 वा अंक पाहा. नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली पडते, स्पायडर-मॅन जाळं फेकून तिला मध्येच धरतो, आणि तिच्या मानेशी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे: काहीतरी मोडल्याचा. तो स्वतःवर खूश होऊन तिला वर ओढतो. तिच्याशी बोलतो. ती केव्हाच गेलेली असते. खलनायक म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडतानाच ती मेली. पण पुढे पत्रांना उत्तर देताना प्रकाशकांनीच मान्य केलं की जाळ्याच्या झटक्याने ती गेली. नायक जिवंत राहिला, ही इथे शिक्षा आहे. आणि त्या आवाजाची ती चार इंग्रजी अक्षरं घाईघाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटूनही जातात.

राहिला काळोख. हा गैरसमज 1986 पासूनचा आहे. त्या वर्षी मिलरचं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आलं, पंचावन्न वर्षांचा, थकलेला, चिडलेला बॅटमॅन घेऊन. नक्कल करणाऱ्यांनी त्यातलं रक्त आणि दातओठ खाणं तेवढं उचललं. पानाची 16 चौकटींची जाळी, टीव्हीच्या पडद्यांची ती कलकल आणि मग अचानक पानभर एकच चित्र, हा ठेका त्यांनी तिथेच ठेवला. मेहनत त्यात होती ना!

जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांच्या 2014 च्या ‘मिस मार्व्हल’मध्ये रक्त जवळजवळ नाहीच. कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची मुलगी. सुरुवातीलाच ती दुकानात डुकराच्या मांसाच्या सँडविचचा नुसता वास घेऊन समाधान मानते. रूप बदलायची शक्ती मिळते तेव्हा ती पहिल्यांदा कुणाचं रूप घेते? सोनेरी केसांच्या गोऱ्या नायिकेचं. आणि ते तिला अंगाला बसत नाही, तोकडा पोशाख काचतो, केस तोंडावर येतात. न्यू जर्सीत मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांना हे पान समजावून सांगावं लागणार नाही. या पुस्तकाला विज्ञान आणि अद्भुत साहित्यासाठीचा 2015 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि ते पोरांना द्या हा सल्ला मी आनंदाने मानीन, मात्र स्वतः वाचून झाल्यावर.

‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या दहाव्या अंकात सुपरमॅन मरायला टेकलाय. उरलेल्या कामांची यादी हाताशी आहे, वेळ थोडा. मध्येच एक पान येतं. एक मुलगी उंच इमारतीच्या कडेवर उभी आहे, तिचा फोन हातातून सुटून खाली जातो. मागून आवाज येतो की तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला होता, आणि तुला वाटतं त्यापेक्षा तू खूप खंबीर आहेस. ती वळून त्याला मिठी मारते. तो तिला उचलून खाली नेत नाही, उडत नाही, काहीही करत नाही. पान उलटलं की तो पुढच्या कामाला लागलेला असतो.