केबलवाला म्हणतो, खो-खो कोणी बघत नाही! अहो, दिसू तर द्या!

परवा केबलवाल्याने खेळाच्या चॅनेलचा नंबर पुन्हा बदलला. न सांगता, न विचारता. काल रात्री नाना रिमोट घेऊन बसले, ४६३ दाबलं आणि समोर साड्यांची विक्री सुरू. पुन्हा ४६३. पुन्हा साड्या. मग वर-खाली, वर-खाली करत बसले. चष्मा कपाळावर ढकललेला, अंगठा बटणावर. नाना म्हणजे माझे वडील, ७४ वर्षांचे आहेत. तरुणपणी पंचवटीत खो-खो खेळलेले, अजूनही टीव्हीवर पाठलाग सुरू झाला की खुर्चीत पुढे सरकतात. त्या माणसाला आपल्याच घरात, आपण पैसे भरलेलं चॅनेल सापडत नाही. डोकं फिरणार नाही तर काय!

आमच्या रिमोटला मागून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर नानांच्या अक्षरात चॅनेलांचे नंबर. खेळाच्या चॅनेलपुढे २५१ लिहून खोडलंय, मग ३१४ लिहून खोडलंय, मग ४६३. आता तेही खोडायचं. सिरियलींचे नंबर मात्र पहिल्या दिवशी लिहिले तेच आहेत. एकही खोडलेला नाही. यातच सगळं आलं.

१९ जानेवारी २०२५ चा रविवार मी विसरणार नाही. दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल होती. नाना दुपारपासून तयार. तेव्हाही असाच नंबर हललेला. केबलवाल्याला चार फोन केले, एकही उचलला नाही. शेवटी शेजारच्या मुलाने एकेक चॅनेल पुढे सरकवत शोधून दिलं, तोवर महिलांची मॅच संपली होती. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने लोळवलं, आणि नानांनी पाहिलं काय, तर मॅच संपल्यावरचा जल्लोष. पुरुषांची ५४-३६ ची फायनल तेवढी मिळाली. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आपल्या मातीतला खेळ, आपलीच पोरं, विश्वचषक जिंकतायत, आणि नाशिकमधला एक जुना खेळाडू साड्यांच्या दुकानात आणि भजनांच्या चॅनेलात त्यांना शोधतोय!

दुसऱ्या दिवशी मी केबलच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणतो, "अहो साहेब, खो-खो कोण बघतं? आणि नंबर वरून येतात, आमच्या हातात काही नाही."

कोण बघतं? अरे, दिसलं तर बघतील ना!

टीव्ही बघणारा माणूस नंबर पाठ करून बसत नाही. सिरियलमध्ये ब्रेक लागला की अंगठा आपोआप एक बटण वर नाहीतर एक खाली जातो. लोकप्रिय चॅनेलच्या शेजारी जो बसलाय त्याला हे येणारे-जाणारे प्रेक्षक फुकट मिळतात. म्हणून तर त्या शेजारासाठी चॅनेलवाले पैसे मोजतात, त्याला प्लेसमेंट फी म्हणतात. बॉक्स चालू केल्याबरोबर जे चॅनेल अंगावर येतं ना, ते लँडिंग पेज, तीही विकायची जागा. क्रिकेटचं ठीक आहे, भारताची मॅच असली तर लोक नंबर हुडकून काढतील. पण खो-खो, कबड्डी, हॉकी, कुस्ती हे खेळ वाढतात ते सहज थांबलेल्या माणसावर. एखादं पोरगं चॅनेल बदलता बदलता दोन मिनिटं थबकतं, पोल डाइव्ह, म्हणजे खांबाला धरून मारलेली झेप, बघतं, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर जातं. ते पोरगं ६१८ सारख्या मागच्या नंबरपर्यंत कधी पोचणार?

मग रेटिंग येतं. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे मीटर देशभरात ५०,००० हून जास्त घरांत आहेत, कोण काय बघतं ते त्यात मोजलं जातं. कोपऱ्यात ढकललेल्या चॅनेलचा आकडा कमीच येणार. आकडा कमी म्हणून जाहिरात कमी, जाहिरात कमी म्हणून पैसा कमी, आणि पैसा नाही म्हणून पुढच्या वेळी जागा आणखी मागे. वर तोंड करून सांगायचं, लोकांना आवड नाही!

पूर्वी अडचण खरी तरी होती. जुन्या टीव्हीवर वरच्या पट्ट्यातली चॅनेल लागायचीच नाहीत, लागली तरी मुंग्या. पुढच्या जागा मोजक्या होत्या, त्यासाठी मारामारी व्हायची. पण डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१३ मध्ये, नाशिकलाही बॉक्स सक्तीचे झाले. आता पहिला असो नाहीतर सहाशेवा, चित्र सारखंच स्वच्छ. मग खेळाला मागे का ढकलता?

आणि नियम नाहीत असंही नाही. ट्राय, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय की एका प्रकारची चॅनेल एकत्र हवीत आणि एकदा दिलेला नंबर निदान वर्षभर बदलायचा नाही. आमच्या कागदावरची खाडाखोड त्या लोकांना नेऊन दाखवतो मी!

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने रोइंगमध्ये सांघिक सुवर्ण मिळवलं. माझ्या ओळखीतल्या एकानेही ती शर्यत लाइव्ह पाहिली नव्हती. सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो बघितला आणि फॉरवर्ड केला. जिल्ह्याचा पोरगा, आणि जिल्ह्यानेच बघितलं नाही. याची मला आजही चीड येते.

आज सकाळी लेखी तक्रार दिली. कागदाचा फोटो जोडला. पोच द्यायला तो माणूस कुरकुर करत होता, शिक्का मारेपर्यंत मी काउंटरवरून हललो नाही. सोमवारी पुन्हा जाणार, नानांना घेऊन. नवा नंबर त्यांनी कागदावर अजून लिहिलेला नाही. म्हणाले, "आधी त्यांना विचार, हा तरी किती दिवसांचा."