माफी परस्पर वाटू नका

आज गोव्यात क्रांतिदिनाच्या एका कार्यक्रमाला गेले होते, तेव्हापासून डोकं फिरलंय. स्वातंत्र्यसैनिकांच्या घरच्यांना शाल-श्रीफळ दिलं, इथवर ठीक. मग एक वक्ते उठले आणि म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, पाखल्यांना, म्हणजे पोर्तुगीजांना, आणि त्यांच्या पोलिसांना आता आपण मोठ्या मनाने माफ करून टाकूया. टाळ्या पडल्या. मी मांडीवरची शाल धरून बसून राहिले.

तुम्ही कोण माफ करणार हो? मार तुम्ही खाल्लात?

माझ्या आजोबांना १९५५ साली उचललं. चौकीत इतकं बडवलं की डावा कान कायमचा गेला. मारणारा पाखलो नव्हता, आपल्याच तालुक्यातला. मग १९७७ चा मे महिना, मी सात वर्षांची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमची पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चाललेली आणि तो माणूस समोर उभा. हसून म्हणतो, "कितें, बरो मूं?" आजोबांनी मिरच्यांची पिशवी खाली ठेवली, माझा हात इतका घट्ट धरला की दुखला, आणि एक शब्द न बोलता आम्ही घरी. पिशवी तिथेच राहिली.

अशी परस्पर माफी बाहेरही वाटलीय. चिलीत हुकूमशहा पिनोशेने १९७८ ला वटहुकूम काढून स्वतःच्याच माणसांना माफी देऊन टाकली. अर्जेंटिनात लष्कराने हजारो पोरं गायब केली, त्यांच्या आया १९७७ पासून दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून चौकात फेऱ्या मारतायत, आणि पुढे लोकांनी निवडून दिलेल्या सरकारनेच १९८६ आणि १९८७ ला दोन कायदे करून खटले गुंडाळले. एकाचं नावच 'पूर्णविराम'! त्या आयांना कुणी विचारलं होतं? त्या काही थांबल्या नाहीत. २००३ ला संसदेने ते कायदे रद्द केले, २००५ ला सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवले, आणि व्हिदेला हुकूमशहा २०१३ ला तुरुंगातच मेला. तुरुंगात! हे वाचलं तेव्हा मला आधी आजोबाच आठवले.

हां, दक्षिण आफ्रिका. कमेंटमध्ये कुणीतरी तिथल्या सत्य आयोगाच्या अध्यक्षांचं, डेस्मंड टुटूंचं नाव आणणारच. वर्णभेदी राजवट संपताना काढलेला माफीचा तो तोडगा नसता तर तिथे अजून रक्त सांडलं असतं, असेल बाबा, मान्य. पण तिथेही माफी फुकट नव्हती, आयोगापुढे येऊन केलं ते सगळं खरं सांगायचं, मगच. बहुतेकांचे अर्ज फेटाळलेच. वर्णभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको पोलिसांच्या मारहाणीने गेला (तेही १९७७ च, आम्ही बाजारात होतो तेच वर्ष), त्या पोलिसांनाही १९९९ ला नाही म्हटलं. पुढे त्यांच्यावर खटला भरला नाही, ते मला आजही पटत नाही.

आणि आमच्या गोव्यात लोकांना छळणारा पोर्तुगीजांचा पोलीस कासिमिरो मोंतेरो? नाव काढलं की जुनी माणसं अजून गप्प होतात. त्याला पोर्तुगालात शिक्षा झाली तीसुद्धा गैरहजेरीत, आणि तीही तिथल्या विरोधी नेत्याच्या, जनरल देल्गादोच्या खुनासाठी. एक दिवस न भोगता दक्षिण आफ्रिकेत मेला.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मला सूड नकोय. आजोबांनाही नको होता. कॉलेजात असताना मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला मारणाऱ्याला फाशी व्हायला हवी होती असं वाटतं का तुम्हाला? उजवा कान माझ्याकडे करून त्यांनी प्रश्न परत विचारायला लावला, मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "'हय, हांवें मारलें', इतलेंच म्हणूंक जाय आशिल्लें ताणें."

'हो, मी मारलं', त्याने एवढंच म्हणायला हवं होतं त्यांना, आणि तेवढंही मिळालं नाही. आणि तुम्ही आज माइकवरून त्यांच्या वतीने माफी देऊन मोकळे झालात, त्यांच्या नातीला शाल पांघरून!

त्या मे महिन्यानंतर आजोबा म्हापशाच्या बाजारात कधीच गेले नाहीत. आजी एकटी जायची. तो माणूस तिला बरीच वर्षं दिसायचा तिथे, दर शुक्रवारी.