छत्तीसचा आकडा

नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला तिच्या गोधडीवर ३ हा आकडा असावा ही कल्पना माझीच होती, त्यामुळे पुढे जे घडले त्याचा दोष मला दुसऱ्या कोणावरही ढकलता येत नाही. ३१ वर्षे शाळेत भूमिती शिकवून मी पाच वर्षांपूर्वी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, आणि एका शिवणवर्गात 'पेपर पीसिंग' नावाचा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ही कला माझीच वाट पाहत थांबली असावी असे मला वाटले. कागदावर आकृती आखायची, तिच्यातल्या प्रत्येक जागेला क्रमांक द्यायचा, त्या क्रमाने एकेक चिंधी कागदाला लावून बरोबर रेषेवर शिलाई मारायची आणि शेवटी कागद फाडून टाकायचा, एवढाच त्याचा विधी. कापड नुसते कापून जोडायला गेले की टोके हमखास बोथट होतात. या पद्धतीत मात्र ती काट्यासारखी अणकुचीदार येतात. रेषा, कोन आणि क्रमांक यांत न जमण्यासारखे काय आहे, असे मी वर्गाच्या बाईंना विचारलेदेखील. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "१४ नंबरच्या सुयांचे दोन पुडे घ्या. कागदाने सुई लवकर बोथट होते."

या पद्धतीत शिवण सरळच असावी लागते, म्हणून माझ्या ३ ची दोन्ही पोटे मी टोकदार केली. शिवाय प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्यांना एका सरळ रेषेत भिडावा लागतो, आणि ३ हा आकडा इतका वळणावळणाचा आहे की तो एका कागदावर सलग शिवताच येत नाही. मी त्याचे तीन भाग केले, त्यांत मिळून १९ तुकडे आखले आणि आलेख कागदावरची ती आकृती पाहून माझी मीच प्रसन्न झाले. आकड्यासाठी सासूबाईंच्या जुन्या हिरव्या इरकलीचा तुकडा आणि पार्श्वभूमीला पांढरा मांजरपाट, असा बेत ठरला. जादा असाव्यात म्हणून आकृतीच्या झेरॉक्स प्रतीही काढून आणल्या. त्यांची शाई गरम इस्त्रीला लागली आणि इस्त्रीवरून आमच्या यजमानांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागली, तो विषय मी येथे वाढवत नाही.

खरी परीक्षा मशीनवर बसल्यावर सुरू झाली. यात आखलेली बाजू वर असते आणि कापड कागदाच्या खाली, म्हणजे आपण रेषा पाहत शिवत असतो आणि ज्याला शिवतो आहोत ते आपल्याला दिसतच नाही. नवा तुकडा जुन्या तुकड्यावर सुलटीला सुलटी लावून पालथा ठेवायचा, शिलाई मारायची आणि मग तो उलटवून त्याला नेमून दिलेली जागा तो झाकतो की नाही ते पाहायचे. कागदाचा हा अंतरपाट मध्ये धरलेला असल्याने पलीकडचे तोंड दिसते तेव्हा अक्षता पडून गेलेल्या असतात. माझ्या सातव्या तुकड्याचे तोंड असेच उशिरा दिसले. त्याने आपली जागा जवळजवळ सगळी झाकली होती; एका कोपऱ्यात मात्र करंगळीच्या नखाएवढा कागद उघडा राहून माझ्याकडे पाहत होता.

तेव्हा उसवणे आले. कागद पुढे सहज फाटावा म्हणून या कामात टाका मुद्दाम बारीक, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरचा ठेवतात, आणि मी भूमितीची शिक्षिका असल्याने हिशेब लगेच केला: इंचाला सुमारे १७ टाके. चार इंचांच्या शिवणीत अडुसष्ट. ब्लेड घेऊन मी ते एकेक कापत असताना सातव्या तुकड्याबरोबर त्याच्याखालचा कागदही पोस्टाच्या तिकिटासारखा सुटून हातात आला, आणि तो चिकटपट्टीने पुन्हा जोडावा लागला.

सासूबाई शेजारीच बसून वाकळ शिवत होत्या. त्यांचे वय ८६. जमिनीवर जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कोपऱ्यांवर हाताशी येतील ते डबे ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत जायचे, ही त्यांची पद्धत; तिला कागद, क्रमांक किंवा झेरॉक्स यांपैकी काहीही लागत नाही. माझे उसवणे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि चष्मा नाकावर सरकवून म्हणाल्या, "अगं, माया कमी सोडलीस."

शिवणीच्या पलीकडे जे जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात हे मलाही ठाऊक आहे. या कामात ती पाव इंच असावी लागते. तरीही सासूने सुनेला उद्देशून हे वाक्य उच्चारले की त्याचे अर्थ वाढतात. मी "हो आई" म्हटले आणि पुढचे सगळे तुकडे तळहाताएवढे कापले. इरकल त्यामुळे भराभर संपत गेली, पण त्यानंतर मायेचा विषय निघाला नाही.

चौथ्या दिवशी तिन्ही भाग तयार झाले. सुटे असताना त्यांतला कोणताही कशासारखाच दिसत नव्हता, नुसत्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या. ते एकमेकांना जोडून मी मागचा कागद काढायला बसले. मोठे कपटे सहज निघतात. कोपऱ्यांतले कण मात्र चिमट्याने वेचावे लागतात आणि ते पुढे आठवडाभर घरात सापडत राहतात, एकदा तर आमटीतही. इंग्लंडमधील क्विल्टर्स गिल्ड या गोधडी शिवणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात १७१८ सालची एक रेशमी चादर आहे. तिची पद्धत आमच्या पद्धतीची मावसबहीण म्हणावी अशी: कापड कागदाच्या तुकड्यावर दुमडून कडा हाताने शिवायच्या. त्या चादरीत कागद तीनशे वर्षांनंतरही तसेच आहेत. ती शिवणाऱ्या व्यक्तीने ऐन चिमट्याच्या वेळी काय निर्णय घेतला असेल, ते मला आता नीट समजते.

शेवटचा कण काढून, इस्त्री फिरवून मी तो चौकोन मोठ्या अभिमानाने सासूबाईंपुढे धरला.

"छान झालाय," त्या म्हणाल्या, "पण मुलगी सहा वर्षांची कधी झाली?"

मी पाहिले. माझ्या हातात स्वच्छ, टोकदार, निर्दोष ६ होता. कापड कागदाच्या मागच्या बाजूला असते, त्यामुळे तयार होणारा चौकोन आखलेल्या आकृतीची आरशातील प्रतिमा असतो, म्हणून आकृती आधीच उलटी आखून ठेवायची असते. घराचे चित्र असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. आरशातील प्रतिमा हा विषय मी ३१ वर्षे फळ्यावर शिकवला, आणि वहीत ३ चे तोंड चुकीच्या दिशेला काढणाऱ्या पोरांना तो दहा-दहा वेळा लिहायला लावला. ती पोरे आता चाळिशीत असतील. त्यांच्यापैकी कोणी त्या क्षणी दारात उभे नव्हते, एवढेच माझे भाग्य.

यजमानांनी सुचवले की चौकोन कपाटात ठेवावा, तीन वर्षांनी लागेलच. मी उत्तर दिले नाही. आलेख कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरून त्याच्या पाठीवर आकृती गिरवली आणि उरलेल्या इरकलीतून दुसरा चौकोन शिवला. तो ३ आला. वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता, गोधडीसाठी दुसरे चौकोन शिवायला ना वेळ उरला होता ना कापड, म्हणून दोन्ही चौकोन मी शेजारी-शेजारी मांडून पाहिले, तर दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. छत्तीस. गेला आठवडाभर माझे आणि कागदाचे जे चालले होते, ते तिथे शिवून तयार होते.

सासूबाईंनी हात पुढे केला आणि दोन्ही चौकोनांची अदलाबदल केली. "हे घे. त्रेसष्ट. तुझं वय."

गोधडी तशीच शिवली. वाढदिवसाला नातीने ती जमिनीवर पसरवली, नुकतेच शिकलेले आकडे ओळखायचे म्हणून ३ वर बोट ठेवून "तीन" म्हणाली, आणि मग शेजारच्या चौकोनावर बोट नेऊन, क्षणभर विचार करून म्हणाली, "उलटा तीन."