काळं नख असं एका फटक्यात उडवतात?

चार काळी नखं, चार फटके, चारही रक्तबंबाळ! आज सकाळी त्या लॅब्रेडॉरचा पुढचा पंजा बघितला आणि डोकंच फिरलं. घरी येऊन ग्रूमिंग करणारा माणूस वर मालकांना सांगून गेला, "काळ्या नखात नस दिसत नाही, थोडं रक्त येतंच." येतंच? अरे, दिसत नाही म्हणूनच तर पातळ चकत्या काढायच्या असतात! एका वेळी एक-दीड मिलिमीटर, बस. प्रत्येक चकतीनंतर कापलेली बाजू उजेडात धरून बघायची. आधी ती कोरडी, खडूसारखी पांढरट दिसते. मधोमध गडद ठिपका उमटला की हात थांबला पाहिजे, नस त्याच्या लगेच मागे असते. पाच मिनिटं जास्त लागतात. तेवढीही द्यायची नसतील तर हा धंदा करू नये.

आणि ते कटर! भोकात नख घालून दाबायचं गिलोटिनवालं, पातं पार बोथट. बोथट पातं नख कापत नाही, चेचतं. एका नखाला उभी चीर गेली होती. तीस किलोच्या कुत्र्याला पकडीसारखं, दोन धारदार पात्यांचं कटरच लागतं. जवळ रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर नाही, म्हणून हळद चोपडली आणि कापसाने पुसत बसले. पुसलं की गुठळी निघते, पुन्हा धार! पावडर नसेल तर कॉर्नफ्लोअर घ्या, दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. दहा मिनिटांत थांबलं नाही तर थेट डॉक्टर.

मालकांचाही रागच येतो. फरशीवर वाढलेल्या नखांची टकटक महिनोन्‌महिने ऐकू येते, तरी कुणी हलत नाही. नखासोबत नसही पुढे वाढते हो! मग एका दिवसात आखूड होत नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कापत राहिलं तरच ती मागे सरते. काहीजण तर स्वतःचं नेलकटर लावतात. ते चपट्या नखासाठी आहे, कुत्र्याचं गोल नख त्यात पिचून फुटतं. नख घासायचा ग्राइंडर घेतलात तरी एका जागी दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, चटका बसतो.

आतल्या बाजूचं ते वरचं पाचवं नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. गोल वळून मांसात घुसतं. त्या लॅब्रेडॉरचं नेमकं तेवढंच नख कापायचं राहिलं होतं, आणि आता तो पंजाला हात लावू देत नाही.